बंद घर सोडा, पुढचं घर घ्या

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

हजर: प्रा. नेर्लेकर सर (अभ्यासाचे प्रमुख, बाण काढतात), डॉ. सायली (पूर्वी सरांची विद्यार्थिनी, आता सहकारी, बाण खोडते), सकपाळ (गाडीचे चालक, मूळचे कापड्याचे) आणि मी, क्षेत्रकामाची पर्यवेक्षक. एकूण चार. गैरहजर: कोणी नाही. निदान निघताना मला तसं वाटलं होतं.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यातली आमची संस्था लोकांना प्रश्न विचारते, उत्तरांचे आकडे करते आणि आकड्यांवरून कशामुळे काय झालं ते सांगते. यातला 'कशामुळे' हा शब्द महत्त्वाचा. काय झालं ते पानाच्या टपरीवरही कळतं. कशामुळे झालं ते सांगायला पीएचडी लागते.

या वेळचा प्रश्न पोलादपूर तालुक्यात डोंगरावर असलेल्या दोन वाड्यांचा होता. खडकमाळ आणि पायरमाळ. दोन्हीकडे गुरं, नाचणी, वरी आणि चौथीपर्यंतची एकेक शाळा. दोन वर्षांपूर्वी पट कमी म्हणून खडकमाळची शाळा बंद झाली आणि पोरांची नावं पायथ्याच्या गावातल्या शाळेत गेली. पायरमाळची शाळा राहिली. शाळा लांब गेल्यामुळे मुलांचं शिक्षण सुटतं का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. उत्तर तयार होतं: सुटत नाही. हजेरीवर परिणाम शून्य. बारकाईने पाहिलं तर किंचित सुधारणाच. पंचवीस तारखेला हा अहवाल शिक्षण खात्याच्या बैठकीत ठेवायचा होता आणि त्याच्या आधाराने पायरमाळची सात पोरांची शाळाही जूनपासून खाली न्यायची की नाही ते ठरणार होतं.

म्हणजे काम संपलेलं होतं. मग गेलो कशाला? माझ्या वहीत नोंद आहे:

१. मुखपृष्ठासाठी फोटो (हसरी मुलं, मागे डोंगर).
२. पडताळणी म्हणून दोन्ही वाड्यांत पाच-पाच घरांना पुन्हा भेट.
३. क्षेत्रकाम नियमानुसार झाल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही.
४. सुकट, अर्धा किलो (घरासाठी).

वरंध घाट

घाटात माणसाने खाली दरी पाहावी, माकडं पाहावीत, फार तर पोटात ढवळलं तर खिडकी उघडावी. आमच्या गाडीत पद्धतींवर भांडण चाललं होतं.

सरांची पद्धत जोड्या लावण्याची. खडकमाळचं एक घर घ्यायचं. तेवढीच जमीन, तेवढीच गुरं, तेवढंच शिक्षण, तशीच ऐपत असलेलं पायरमाळचं घर शोधायचं आणि दोघांची पोरं किती दिवस शाळेत गेली ते पाहायचं. सगळं सारखं आणि फक्त शाळेचं अंतर वेगळं, म्हणजे जो फरक पडेल तो अंतरामुळे. आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसंच हे, फक्त यात मंगळ नसतो.

सायलीची पद्धत फरकातल्या फरकाची. शाळा हलायच्या आधी आम्ही दोन्ही वाड्यांत एक फेरी केली होती, गेल्या डिसेंबरात दुसरी केली. खडकमाळमध्ये आधी आणि नंतर किती फरक पडला, पायरमाळमध्ये किती, आणि या दोन फरकांत फरक किती. त्याच वर्षी सगळ्या तालुक्यातच काही घडलं असेल तर ते दोन्हीकडे घडलं असणार, म्हणून ते वजा होतं. ऐकायला छान आहे. वजाबाकी येणाऱ्या माणसाला आयुष्यात फार काही कमी पडत नाही, असं मलाही वाटत आलंय.

"तुझ्या पद्धतीत दोन्ही वाड्या एकाच चालीने चालल्या असत्या, असं गृहीत धरावं लागतं," सर म्हणाले.

"आणि तुमच्या पद्धतीत तुम्ही मोजलं नाही ते जगात नाही, असं गृहीत धरावं लागतं," सायली म्हणाली.

"पण उत्तर एकच आलंय ना दोघांचं?" मी विचारलं.

आलं होतं. दोन्ही पद्धतींनी शून्य. तरी भांडण चालू होतं, कारण शून्यापर्यंत कोणत्या रस्त्याने जाणं जास्त प्रतिष्ठेचं, हा प्रश्न उरतोच. सरांनी टॅबवर आकृती दाखवली. एका गोलात 'शाळेचं अंतर', दुसऱ्यात 'हजेरी'. आजूबाजूला 'ऐपत', 'आईचं शिक्षण', 'जमीन' असे गोल आणि त्यांच्यात बाणच बाण. फक्त अंतरापासून हजेरीकडे बाण नव्हता.

"न काढलेला बाण हा सगळ्यात धाडसी दावा असतो, माधवीताई," सर म्हणाले. "बाण काढला म्हणजे तुम्ही म्हणता, असेलही. नाही काढला, तर म्हणता, नाहीच."

सकपाळांनी आरशात बघून विचारलं, "म्हंजे साहेब, जे काम केलं नाय त्याचा पगार जास्ती?"

सव

महाडला लॉजवर सामान टाकून संध्याकाळच्या आत सवला गेलो. सावित्रीच्या काठाला गरम पाण्याचे झरे आहेत. माझ्या यादीत नव्हते, पण सरांचे गुडघे दुखत होते आणि प्रमुखांचे गुडघे हा संस्थेचा विषय असतो.

कुंडावर महाडचे एक गृहस्थ टॉवेल लावून बसले होते. न विचारता त्यांनी सांगितलं की इथल्या पाण्याने खरूज, नायटा, सांधे, सगळं जातं. ते स्वतः बारा वर्षं येतात. इथे आलेल्या कोणालाही विचारा, प्रत्येक जण हेच सांगेल. त्यांनी लगेच तीन जणांना विचारायला लावलं. तिघांनीही तेच सांगितलं.

सरांनी पाय पाण्यात सोडले आणि त्यांचं तोंड सुटलं. आमच्या संस्थेत तासाचे पैसे भरून लोक जे ऐकतात ते त्या गृहस्थांना फुकट मिळालं. "काका, तुम्ही विचारताय कोणाला? जे पुन्हा आले त्यांना. ज्याला गुण आला नाही तो डॉक्टरकडे गेला. तो इथे नाहीच, मग तो सांगणार कसा? तुमच्यापुढे फक्त बरे झालेले उरलेत. समाजशास्त्रात याहून जुनी आणि याहून घातक चूक नाही. दिसतात त्यांना मोजायचं आणि जे निघून गेले त्यांना विसरायचं!"

गृहस्थांनी आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मला तर गुण आला."

सकपाळ काठावर उभे होते. "साहेब बरोबर बोलतात. बरं झालं नाय तो कशाला येईल परत?" मग सरांच्या पायांकडे बघत, "पन हे सांगायला एवढं शिकावं लागतं?"

मी वहीत लिहिलं: सरांचं वाक्य छान, प्रशिक्षणात वापरावं.

कापडे

शुक्रवारी सकाळी निघून जेवायला कापड्याला, सकपाळांच्या भावाकडे. भाताची खाचरं कापून कोरडी झालेली, त्यातल्या ओलीवर वाल उभे. त्यांच्या वहिनींनी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीचं कालवण आणि वालाची उसळ वाढली. सायली शाकाहारी, तिने पिठीवर भागवलं. सरांनी सुकट दोनदा घेतली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले की चव अप्रतिम आहे. डोळ्यांतलं पाणी चवीमुळे की मिरचीमुळे, याची जोडी कोणाशी लावणार? मी विचारलं नाही.

माझ्या यादीतलं चौथं काम इथेच झालं. वहिनींनी अर्ध्याऐवजी एक किलो सुकट बांधून दिली, वर म्हणाल्या, "घरी माणसं किती तुमच्या?"

"दोघं."

"आणि अर्धा किलो? पाव्हनं आलं तर?"

आमच्या सोसायटीत पाहुणे फोन करून, वेळ घेऊन, जेवून येतात, हे मी सांगितलं नाही. बाईंना उगीच वाईट वाटलं असतं.

खडकमाळ

सिमेंटचा रस्ता एका वळणावर संपतो. तिथे एक म्हैस आडवी बसली होती आणि रस्ता संपल्याची पाटी लावायची गरज तिने संपवली होती. पुढे अर्धा तास पायी. सरांचे बूट नवे होते. त्यांनी ते खास या सहलीसाठी घेतले होते आणि बुटांनीही ती सहल आयुष्यभर लक्षात ठेवायची ठरवली असावी. डावा तळवा दुसऱ्या चढावर सुटला. सकपाळांनी सुतळीने बांधला.

वाडी सुंदर आहे. सारवलेली अंगणं, गोठे, आंब्याला मोहोर, समोर महाबळेश्वरची भिंत. आम्ही पडताळणीची पाच घरं पटापट उरकली. सगळी पोरं शाळेत गेलेली. पाचही घरांत हजेरी उत्तम. सर इतके खूश झाले की बूट विसरले.

सायली मात्र अंगणांकडे बघत होती. "माधवीताई, प्रत्येक दारात मोटारसायकल आहे."

"चांगलं आहे की. ऐपत वाढली."

"पाचही घरांत? आणि रस्ता इथपर्यंत येत नसताना?"

तेवढ्यात बाजूच्या घराचं कुलूप उघडताना एक बाई दिसल्या. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी खोचलेली, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात किल्ली. त्या आत गेल्या, झाडण्याचा आवाज आला, मग दिव्याचा उजेड. दाराच्या चौकटीवर आमच्या सर्व्हे करणाऱ्या पोरांनी पहिल्या फेरीत वाडीतल्या प्रत्येक घरावर टाकला तसा मार्करचा क्रमांक होता: १७.

माझ्या तक्त्याप्रमाणे सतरा क्रमांकाची मुलाखत दुसऱ्या फेरीतही झालेली होती. माझ्याकडे वीसच्या वीस मुलाखती पूर्ण होत्या. त्या वीसचा तक्ता फ्रेम करून लावायचाच काय तो बाकी होता.

"कोणाचं घर हो हे?" मी विचारलं.

"काळू ढेब्याचं. ते नाय हितं. गेलं." त्या दारात आल्या. "तुमी कोण? निवडणुकीवाल्या?"

"नाही, सर्व्हेवाल्या."

"एकच ते. कवातरी येता, बोटाला नायतर दाराला शाई लावता नि जाता."

या हिराकाकी ढेबे. त्यांच्या ओसरीवर बसलो. पाणी आलं, मग ताक आलं. आणि मला भिंत दिसली. दारालगत ओळीने खिळे होते, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी. अकरा किल्ल्या. एक खिळा रिकामा.

वाडीतून कोणी घर बंद करून गेलं की किल्ली हिराकाकींकडे ठेवून जातं. त्या दर अमावास्येच्या आधी ती घरं उघडतात, झाडतात, देवापुढे दिवा लावतात, कौलं बघतात. बंद घराला वाळवी आधी लागते आणि नाव नंतर पुसतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सोसायटीत दोन कॅमेरे, एक रखवालदार आणि तीन नोंदवह्या आहेत. शेजारचे बिऱ्हाड हलवून गेल्याचं मला चार महिन्यांनी पार्सलवाल्याकडून कळलं.

मी वही उघडली. क्रमांक १७: बंद. नियमानुसार पुढचे घर, १८. क्रमांक ५: बंद, नियमानुसार ६. क्रमांक ९: बंद. अशा नऊ नोंदी; अकरातली उरलेली दोन घरं आमच्या यादीत नव्हतीच. वीसमधली नऊ घरं दुसऱ्या फेरीत बंद होती, त्यांच्या जागी शेजारची नऊ घेतली आणि यादी पुन्हा वीसची झाली. भरलेली यादी किती सुंदर दिसते!

आता नियम कोणाचा, तर माझा. आमच्या माहितीपुस्तिकेत, पान सहा, ठळक अक्षरांत: 'बंद घर सोडा, पुढचं घर घ्या.' पंधरा वर्षांपूर्वी मी तो लिहिला, कारण पोरं बंद दारासमोर दोन-दोन तास बसून राहायची. त्या नियमाने कामाचा वेग दुपटीने वाढला. मला त्याबद्दल शाल मिळाली होती.

"काकी," नऊ नावं वाचून मी विचारलं, "ही घरं कधी बंद झाली?"

त्यांनी खिळ्यांकडे न बघताच सांगायला सुरुवात केली. "हिरवी चिंधी, कोंडीबाचं. शाळा गेली त्याच जूनला. पोलादपुरात खोली घेतली भाड्यानं, पोरं तितल्या शाळंत जातात. पिवळी, त्याच्या भावाचं, ते बी तितंच. ही दोन महाडला. ही कापड्याला, मामाच्या परड्यात झोपडं घातलंय. पाच घरं शाळंपायी गेली बघा. ही जांभळी, त्यांचा पोरगा पनवेलीला कामाला, म्हणून गेली. शाळंचा नि त्यांचा काय संबंध नाय, उगाच नाव कशाला घ्या. ही दोन घरं बी गेली, त्यांच्या पोरींची शाळाच सुटली. एक मावशीचं पोर सांभाळते, एक म्हशीमागं हाय, वरच्या अंगाला."

"आणि गेली नाहीत त्यांचं कसं चालतं?" सायलीने विचारलं.

"त्यांच्याकडं गाडी हाय ना गो! घ्यावीच लागली. शाळंची जीप येनार व्हती दारात. ती वळणापर्यंत येते, मन असलं तर. मग बाप सोडतो वळणाला. ज्याला गाडी घ्यायला जमलं तो ऱ्हायला. नाय जमलं त्याची किल्ली हितं."

सायलीने सरांच्या हातातला टॅब घेतला. 'ऐपत' नावाच्या गोलात मोटारसायकल मोजली होती. जोड्या लावताना सरांनी मोटारसायकलवाल्याची जोडी मोटारसायकलवाल्याशीच लावली होती. मोटारसायकल ऐपतीतून आली, असं आकृती सांगत होती. ती शाळेच्या अंतरातून आली होती, म्हणजे अंतराचा परिणाम सरांनी ऐपत समजून झाकला होता. सायलीने बोटाने एक बाण काढला, अंतरापासून मोटारसायकलकडे, आणि तिथून हजेरीकडे. सगळी आकृती एका बाजूला कलल्यासारखी झाली.

"तुमच्या पोरांनी ह्यातलं काय ईचारलं नाय?" हिराकाकींनी मला विचारलं.

"नाही."

"का गो?"

"घर बंद होतं, काकी."

"घर बंद व्हतं. माझं तोंड उघडं व्हतं."

सकपाळ हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. मी वहीत डोकं घालून बसले होते, पण लिहीत काहीच नव्हते.

लाल चिंधीची किल्ली राहिली होती. काळू ढेबे, क्रमांक सतरा. "त्याचं मातर मला ठाव नाय," हिराकाकी म्हणाल्या. "गुरं घेऊन गेला, बायको, पोरगी सुगंधा. पयल्यांदा चिपळूणकडं गेला म्हनतात. दोन दिवाळ्या झाल्या. किल्ली न्यायला बी आला नाय, निरोप बी नाय. हुशार व्हती पोरगी. तुमच्या पोरांनला तिनंच दारावर नंबर घालून दिला, मोठ्या अक्षरात."

मी तो सतरा पुन्हा पाहिला नाही. मला पाहायचा नव्हता.

"आणि हा रिकामा खिळा?" सायलीने विचारलं.

"तो माझ्या मंदीचा. लेक माझी, पायरमाळला दिलीय. तिची पोरगी तिसरीत हाय. तितली शाळा बी जानार म्हनतात जूनला, कायतरी कागद येनार हाय वरनं." त्यांनी ताकाचे पेले गोळा केले. "म्हटलं खिळा ठोकून ठेवू. तिच्या घरवाल्याला गाडी नाय जमायची."

कागद वरून येणार नव्हता. तो महाडच्या लॉजवर सरांच्या बॅगेत होता, रंगीत, मुखपृष्ठाची जागा मोकळी सोडून.

पायरमाळ

शनिवारी सकाळी. सर सुतळी बांधलेल्या बुटाने आले, कोणी काही बोलायला लावलं नाही तर बरं, असा चेहरा घेऊन. त्यांच्या मते नऊ घरं म्हणजे 'गळती' होती. आमच्या व्यवसायात माणसं निघून जात नाहीत, गळतात.

शाळा म्हणजे एक खोली, सात पोरं, एक शिक्षक. फळ्यावर भागाकार. आम्हाला बघून पोरांनी न सांगता 'नमस्ते' म्हटलं. ही सात पोरं एका जागी, एका रांगेत, हसरी, मागे डोंगर: मुखपृष्ठासाठी देवाने पाठवलेला फोटो. सरांनी फोन काढला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला.

"सर, फोटो?" मी विचारलं. यादीत पहिलं काम होतं ते.

"उजेड बरोबर नाही," सर म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते. उजेड महाबळेश्वरापर्यंत होता.

मंदा शाळेच्या कट्ट्यावरच भेटली. आईने रात्रीच फोन करून सगळं सांगितलेलं दिसत होतं. कडेवर एक, हात धरून तिसरीतली सोनाली. मंदाने सरळ सरांनाच विचारलं, "तुमच्या कागदात आमचं काय लिवलंय?"

सरांनी घसा साफ केला. "तसं थेट तुमच्याबद्दल नाही. अंतर वाढलं तरी हजेरीवर सांख्यिकीयदृष्ट्या..."

"मराठीत सांगा."

"शाळा लांब गेली तरी पोरं जातात, असं लिहिलंय."

मंदा सोनालीकडे बघत म्हणाली, "जातात ना. कुटं जातात ते नाय लिवलंय?"

सरांनी तो प्रश्न टॅबवर लिहून घेतला. मी त्यांना बावीस वर्षं ओळखते. उत्तर देण्याऐवजी त्यांनी प्रश्न लिहून घेतला, असं मी याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा माइक बंद पडला होता.

सोनालीने सायलीला विचारलं, "तुमी परत येनार का?" सायली म्हणाली, हो. सोनाली म्हणाली, "आजी म्हनते सर्व्हेवाले परत येत नाय." तिच्या आजीची आकडेवारी आमच्याहून जुनी होती.

शिवथर

परतीच्या वाटेवर शिवथरची घळ बघायची, हे आधी ठरलेलं होतं. पडलेल्या चेहऱ्यांनी आम्ही ते पाळलं. धबधबा फेब्रुवारीत सुतळीएवढा. आत गार, ओलसर, शांत. इथे माणसं चिंतनाला येतात. आम्ही प्रमाणपत्रावर भांडायला आलो.

"पंचवीस तारीख आहे," सर म्हणाले. "नऊ घरांनी निष्कर्ष बदलेल असं नाही. पाच घरांतली मुलं तर शिकतायत. म्हणजे हजेरी पडलेली नाहीच. दोन मुली सुटल्या, हे वाईट आहे, पण..."

"पण ती हजेरी टिकवायला पाच घरांनी वाडी सोडली," सायली म्हणाली. "आपण वाडीत मोजतोय. तिथे आता टिकलेलेच आहेत. माझी वजाबाकीही तेवढीच चुकलीय, सर. आधी वीस वेगळी, नंतर वीस वेगळी. मी फरक काढला तो माणसांचा, शाळेचा नाही."

"गळती यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाची, असू शकते."

"सर, परवा सवला तुम्ही त्या काकांना काय म्हणालात?"

सकपाळ बाहेर गाडी पुसत होते, पण गाडी बरीच आधी पुसून झाली होती.

सर दगडावर बसले. डाव्या पायाची सुतळी सोडून पुन्हा बांधली. मग मला म्हणाले, "क्षेत्रकामाच्या प्रमाणपत्रावर तुमची सही लागते ना?"

"लागते."

"झालीय?"

"नाही. यादीत तिसरं काम आहे."

"मग करू नका. मी कळवतो की पर्यवेक्षकांनी सही रोखलीय, क्षेत्रकाम अपुरं आहे, अहवाल बैठकीत ठेवता येणार नाही." मग सुतळीची गाठ आवळत, "चूक तुमच्या नियमाची आहे, असंही लिहावं लागेल."

"आहेच," मी म्हणाले.

हे सगळं फार उदात्त वाटत असेल तर सांगते, की बाहेर आल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला तो या गोष्टीवर स्वतंत्र शोधनिबंध होऊ शकेल का, असा. सायलीने दुसरा विचारला: पहिलं नाव कोणाचं? सकपाळांनी विचारलं, चहा कुठे घ्यायचा. मला त्यांचाच प्रश्न पटला.

पुणे

परत येऊन आठवडा झाला. बैठक पुढे ढकललीय, 'पर्यवेक्षकांच्या आक्षेपामुळे' असं पत्रात आहे. ऑफिसात माझ्याकडे आता जरा जपून बघतात. नवी तारीख दहा मार्च. तोपर्यंत नऊ घरांची माहिती भरून दिली तर अहवाल दुरुस्त होईल. नाही दिली तर आहे तसाच जाईल, कारण अपुऱ्या माहितीचं कारण दोनदा चालत नाही, असं मला तोंडी कळवण्यात आलं. पान सहावरचा नियम मी खोडला. नवीन लिहिला: 'बंद घर: किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.' पोरं म्हणतात, यात फार वेळ जाईल. जाईल.

हिराकाकी फोनवर नंबर देतात, पण एका वेळी एकच, आणि आधी घरच्यांची चौकशी झाल्याशिवाय नाही. सुकट संपली का हेही त्यांना कसं कोण जाणे माहीत असतं.

यादी आज अशी आहे. हिरवी: बोलणं झालं. पिवळी: झालं. महाडची दोन: झालं, दोन्ही घरांत बायका म्हणाल्या की खोलीला खिडकी नाही. कापडे: सकपाळांचे भाऊ स्वतः जाऊन आले. जांभळी: झालं, शाळेचा संबंध नाही, तसंच लिहिलं. मावशीकडची पोरगी: झालं, तीच बोलली. म्हशीमागची: बापाशी झालं, ती माळावर होती.

लाल चिंधी, क्रमांक १७, काळू ढेबे, मुलगी सुगंधा. पहिल्या फेरीत घेतलेला त्याचा फोन नंबर बंद आहे. चिपळूणच्या बाजूला गुरं घेऊन आलेला माणूस कोणी पाहिला का, असं सकपाळांनी त्यांच्या ओळखीच्या तीन चालकांना विचारून ठेवलंय. एकाने सांगितलं, असा एक जण खेडच्या बाजूला दिसला होता, पण त्याच्याबरोबर मुलगी होती की नाही हे त्याने पाहिलं नाही.

नऊपैकी आठवर खूण. नववा चौकोन रिकामा.